नोंदवहीची नक्कल : पॉवरशेलच्या साहाय्याने रजिस्ट्रीतील कप्प्यांची प्रत

(इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासलेख)

प्रास्ताविक

शाळेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात कापडी बांधणीची एक जाड वही असते. तिला कोणी दाखलखारीज म्हणतात, कोणी जनरल रजिस्टर. विद्यार्थ्याचे नाव, आईवडिलांचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक आणि शाळा सोडल्याचा दिनांक एवढा मजकूर एका आडव्या ओळीत मावतो. त्या ओळीवरून शाळा सोडल्याचा दाखला निघतो आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो. जात पडताळणीच्या वेळी तीच ओळ पुरावा म्हणून पुढे ठेवावी लागते. ज्या घरांत ना सातबारा ना जुनी कागदपत्रे, अशा कित्येक घरांसाठी आजोबांच्या शाळेतील अशी एक ओळ हाच सर्वांत जुना लेखी आधार ठरतो.

लेखी शब्दाला किती वजन असते, हे आम्हा अंजनगाव सुर्जीकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेला तह आमच्याच गावाच्या नावाने इतिहासात नोंदला गेला आहे. त्या दस्ताने गंगा-यमुनेच्या दुआबापासून भडोच आणि अहमदनगरपर्यंतच्या मुलखाचे धनी बदलले.

संगणकाच्या पोटातही अशीच एक नोंदवही असते. विंडोज प्रणालीत तिला रजिस्ट्री म्हणतात. ती बहुधा कोणी उघडून पाहत नाही. मात्र यंत्राने तारीख कशी वाचावी, लाखाचा स्वल्पविराम कुठे द्यावा, कळफलकावर मराठी उमटावी किंवा इंग्रजी, हे सर्व तीच ठरवते. या नोंदवहीतील एका कप्प्याची नक्कल पॉवरशेल या आज्ञाभाषेच्या साहाय्याने कशी करावी आणि करताना कोणती दक्षता घ्यावी, हे प्रस्तुत लेखात आम्ही क्रमाने सांगणार आहोत. ही दक्षता आम्हाला एका चुकीतून शिकावी लागली. ती चूकही येथे प्रांजळपणे मांडतो.

लेखातील आज्ञा आणि कप्प्यांची नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती रोमन लिपीत, इंग्रजी वर्णलेखनाप्रमाणेच टंकावीत.

रजिस्ट्री म्हणजे काय?

विंडोजच्या आरंभीच्या काळात प्रत्येक प्रोग्राम आपल्या सेटिंग लहानलहान मजकूर-फायलींत ठेवीत असे. त्या फायलींच्या नावांच्या शेवटी 'आयएनआय' ही अक्षरे असत. प्रोग्राम वाढले तशा फायली वाढल्या आणि कोणती नोंद कोठे आहे याचा मेळ राहीना. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्रीचे प्राथमिक रूप आले. विंडोज ९५ पासून ती सर्व सेटिंगचे मध्यवर्ती दप्तर बनली.

तिची रचना तलाठ्याच्या दप्तरासारखी समजावी. जिल्हा, त्यात तालुका, त्यात गाव, त्यात गट क्रमांक असे उतरत गेल्यावर जशी एका शेताची नोंद हाती लागते, तशी रजिस्ट्रीतही वरून खाली वाट असते. सर्वांत वर पाच मुख्य शाखा आहेत. त्यांपैकी दोन विद्यार्थ्यांनी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. 'एचकेएलएम' ही संपूर्ण यंत्राची शाखा असून तिच्यात बदल करण्यास प्रशासकाचे अधिकार लागतात. 'एचकेसीयू' ही त्या वेळी लॉग-इन केलेल्या व्यक्तीची शाखा आहे आणि तिच्यातील बहुतेक नोंदी ती व्यक्ती स्वतः बदलू शकते. ही दुसरी शाखा प्रत्येक वापरकर्त्याच्या फोल्डरातील 'एनटीयूझर डॉट डॅट' नावाच्या फायलीत साठवलेली असते.

शाखेच्या आत जे घटक असतात त्यांना इंग्रजीत 'की' म्हणतात. मराठी वाक्यात हा शब्द 'की' या अव्ययाशी घोटाळा करतो, म्हणून या पाठात त्यास आम्ही कप्पा म्हणू. कप्प्यात उपकप्पे असतात आणि नोंदीही असतात. प्रत्येक नोंदीला तीन अंगे असतात : नाव, प्रकार आणि मजकूर. त्यांतील प्रकाराकडे नवशिका हमखास दुर्लक्ष करतो. साधा मजकूर, ३२ बिटांची संख्या, ६४ बिटांची संख्या, अनेक ओळींचा मजकूर, द्विमान माहिती आणि विस्तार होणारा मजकूर हे नेहमी आढळणारे प्रकार होत. दिसायला अंक असला तरी नोंद संख्येचीच असेल असे नाही. मराठी कळफलकाची नोंद '०००००४४ई' अशी असते. तो आठ चिन्हांचा मजकूर आहे. त्याला संख्या मानून आरंभीची शून्ये गाळली तर ती नोंद निरुपयोगी होते.

आमच्या संगणक कक्षातील प्रसंग

आमच्या कक्षात वेगवेगळ्या काळी मिळालेली यंत्रे आहेत. काही नवी, काही कोणी वापरून दिलेली. त्यांपैकी एका यंत्रावर मराठी टंकलेखन उत्तम होत असे, इतरांवर कळफलक बदलत नसे. ते एक यंत्र आदर्श मानून त्याच्या सेटिंग सर्वांना द्याव्यात असे आम्ही ठरवले. पॉवरशेलमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. मराठीचे नेमके काय कुठे असते याची खात्री नसल्याने 'कीबोर्ड लेआउट' हा कप्पा तर उचललाच, शिवाय 'कंट्रोल पॅनल' मधील 'इंटरनॅशनल' हा संपूर्ण कप्पाही उचलला. काम अर्ध्या तासात झाले. सर्व यंत्रांवर मराठी उमटू लागली आणि आम्ही समाधानाने कक्ष बंद केला.

त्या आदर्श यंत्राची तारखेची मांडणी मात्र अमेरिकी पद्धतीची होती : आधी महिना, मग दिवस. आम्ही ती पाहिलीच नव्हती.

पुढल्या आठवड्यात विद्यार्थ्यांची माहिती असलेली, स्वल्पविरामांनी विभागलेली फाइल एक्सेलमध्ये उघडून यादी तयार करण्यात आली. यादीत जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही द्यायची होती. अक्षरी महिना एक्सेलनेच काढला. तपासणीसाठी यादी फलकावर लावली. दुपारी आठवीतील एक मुलगा दाराशी आला आणि म्हणाला, "सर, माहा जलम त जून महिन्यातला हाये जी. थो जानेवारीचा कसा काय झाला?"

त्याची जन्मतारीख दाखलखारीज रजिस्टरात १ जून होती. फाइलमध्ये ती ०१/०६ अशी होती. यंत्राने पहिला आकडा महिन्याचा मानला आणि १ जूनचे ६ जानेवारी केले.

आपल्याकडे शाळेत नाव घालताना, घरी नेमकी तारीख ठाऊक नसली, तर जून महिन्याच्या आरंभीची तारीख लावण्याची रीत दीर्घकाळ होती. शाळा उघडताना मुलाचे वय पुरे भरावे, हा तिचा हेतू. त्यामुळे मागील पिढ्यांच्या रजिस्टरांत १ जून ही तारीख पुनःपुन्हा भेटते आणि हीच तारीख अमेरिकी मांडणीच्या यंत्रात मुकाट्याने जानेवारीत जाऊन बसते.

चूक लपते कशी?

या चुकीचे गणित विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे, कारण त्यातच तिचा धोका आहे. वर्षाच्या ३६५ तारखांपैकी ज्यांचा दिवस १ ते १२ यांच्या दरम्यान आहे अशा तारखा १२ गुणिले १२, म्हणजे १४४. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा बारा तारखांत दिवस आणि महिना समान असल्याने उलटसुलट होऊनही फरक पडत नाही. उरलेल्या १३२ तारखा कसलीही सूचना न देता बदलतात. १३ किंवा त्यापुढील दिवस असलेल्या तारखांना यंत्र महिना मानू शकत नाही, म्हणून त्या साध्या मजकुराच्या रूपात तशाच राहतात. अशा रीतीने एकाच रकान्यात काही तारखा खऱ्या, काही खोट्या आणि काही तारखाच नव्हेत, असे मिश्रण तयार होते.

ज्या यंत्रावर चूक होते त्याच यंत्रावर ती डोळ्यांना दिसत नाही, हा याहून मोठा धोका. तेथे ६ जानेवारी ही तारीखही १/६ अशीच दाखवली जाते, त्यामुळे पाहणाऱ्यास ती १ जूनच वाटते. फाइल भारतीय मांडणीच्या यंत्रावर उघडली अथवा महिना अक्षरांत लिहिला, तेव्हाच दोष प्रकट होतो. दाखल्यावर जन्मतारीख अंकी व अक्षरी अशी दोनदा लिहिण्याची जी जुनी शिस्त आहे, तिचे प्रयोजन आम्हास त्या दिवशी नव्याने उमगले. अक्षरी रकाना नसता, तर त्या मुलाला शंका येण्याचे कारणच नव्हते. ती यादी तशीच पुढे गेली असती आणि शाळा सोडल्यानंतर जन्मतारीख दुरुस्त करून घेण्यासाठी त्याला किती दारे झिजवावी लागली असती, हे कार्यालयात काम करणाऱ्या कोणासही विचारावे.

त्यानंतर आम्ही दोघा-तिघांनी मूळ रजिस्टर उघडून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने पाहायचे, अशी प्रत्येक ओळ ताडली. नक्कल बिघडली होती. मूळ शाबूत होते म्हणून निभावले.

'इंटरनॅशनल' कप्प्याची ओळख

आमच्या हातून बिघडलेला हा कप्पा आता जवळून पाहू. त्याची पूर्ण वाट 'एचकेसीयू:\कंट्रोल पॅनल\इंटरनॅशनल' अशी आहे. त्यातील काही नोंदी पुढीलप्रमाणे :

'एस-शॉर्टडेट' : तारखेची संक्षिप्त मांडणी. भारतीय पद्धतीत दोन 'डी', मग दोन 'एम', मग चार 'वाय' असतात. येथील 'एम' मोठ्या लिपीतच हवा, कारण लहान 'एम'चा अर्थ मिनिट असा होतो.

'आय-डेट' : तारखेचा क्रम सांगणारा अंक. ० म्हणजे आधी महिना, १ म्हणजे आधी दिवस, २ म्हणजे आधी वर्ष. अंक असूनही ही नोंद मजकूर प्रकारची आहे.

'एस-ग्रुपिंग' : आकड्यांतील स्वल्पविराम. '३;२;०' असे असेल तर १२,३४,५६७ अशी लाख-कोटींची मांडणी होते. '३;०' असे असेल तर तीच संख्या १,२३४,५६७ अशी दिसते.

'एस-करन्सी' : चलनाचे चिन्ह. भारत सरकारने ₹ हे चिन्ह २०१० साली स्वीकारले. त्याआधीच्या काळातील यंत्रांच्या सेटिंगमध्ये जुनी संक्षेपाक्षरे असू शकतात. जुन्या यंत्रावरून नव्यावर नक्कल केली, तर तीही सोबत येतात.

'एस-नेटिव्हडिजिट्स' : स्थानिक अंक. मराठीसाठी येथे ० ते ९ हे देवनागरी अंक असतात.

या कप्प्यात उपकप्पेही आहेत. 'जिओ' या उपकप्प्यात देशाचा क्रमांक असतो. भारताचा क्रमांक ११३ आहे. विंडोज ८ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत 'यूझर प्रोफाइल' नावाच्या उपकप्प्यात वापरकर्त्याच्या भाषांची यादी असते. मराठी कळफलकाची मूळ नोंद मात्र येथे नसून 'एचकेसीयू:\कीबोर्ड लेआउट\प्रीलोड' या वेगळ्याच कप्प्यात आहे. म्हणजे टंकलेखनासाठी तारीख, चलन व स्वल्पविराम यांना हात लावण्याचे आम्हास काही कारणच नव्हते. काय हवे आहे हे नेमके ठाऊक नसल्यामुळे आम्ही सगळाच कप्पा उचलला, आणि तेथेच फसलो.

पॉवरशेल आणि कप्प्याची प्रत

पॉवरशेल ही मायक्रोसॉफ्टची आज्ञाभाषा २००६ साली प्रसिद्ध झाली. विंडोज ७ पासून ती प्रणालीसोबतच मिळते. तिच्यापूर्वी अशी कामे बॅच फायली किंवा व्हीबीस्क्रिप्ट यांतून होत. व्हीबीस्क्रिप्ट आता मागे पडत असून २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे जाहीर केले आहे. म्हणून नव्या विद्यार्थ्याने आरंभ पॉवरशेलपासूनच करावा.

या भाषेची सोय अशी आहे, की ती रजिस्ट्रीच्या शाखांना डिस्कच्या ड्राइव्हसारखे वागवते. 'सी:' लिहून आपण जसे फोल्डरात उतरतो, तसे 'एचकेसीयू:' लिहून रजिस्ट्रीत उतरता येते. त्यामुळे फायलींची प्रत करणारी 'कॉपी-आयटेम' ही आज्ञाच कप्प्यांनाही चालते. कप्पे हे फोल्डरांसारखे आणि नोंदी या कप्प्याच्या गुणधर्मांसारख्या मानल्या जातात. एकाच नोंदीची प्रत हवी असल्यास 'कॉपी-आयटेमप्रॉपर्टी' ही स्वतंत्र आज्ञा आहे.

आमच्या तालुक्यातील पानमळ्यांत नवा वेल लावताना जुन्या वेलाचे बेणे घेतात; त्यासाठी कोणी मूळ वेल उपटीत नाही. रजिस्ट्रीच्या कामातही प्रथम सराव-कप्प्यात प्रत करावी आणि ती नीट उतरल्याची खात्री झाल्यावरच खऱ्या जागी हात घालावा. पुढील पाच पायऱ्या याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी, पाहणे :

गेट-आयटेमप्रॉपर्टी -पाथ 'एचकेसीयू:\कंट्रोल पॅनल\इंटरनॅशनल'

पडद्यावर आलेल्या नोंदींपैकी वर सांगितलेल्या पाच नोंदी वहीत उतरवून घ्याव्यात. आम्ही ही पायरी गाळली होती.

दुसरी पायरी, मूळ जतन करणे :

रेग एक्स्पोर्ट 'एचकेसीयू\कंट्रोल पॅनल\इंटरनॅशनल' 'डी:\जतन\मूळ.रेग'

यासाठी डी ड्राइव्हवर 'जतन' नावाचे फोल्डर आधी तयार असावे. 'रेग' ही विंडोजची स्वतंत्र आज्ञा आहे. तिच्यात शाखेच्या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबे देत नाहीत, पॉवरशेलच्या आज्ञांत देतात. हा लहानसा भेद विसरल्याने पुष्कळ विद्यार्थी अडतात.

तिसरी पायरी, सरावाची प्रत करणे :

न्यू-आयटेम -पाथ 'एचकेसीयू:\सराव'

कॉपी-आयटेम -पाथ 'एचकेसीयू:\कंट्रोल पॅनल\इंटरनॅशनल' -डेस्टिनेशन 'एचकेसीयू:\सराव' -रिकर्स

शेवटचा '-रिकर्स' हा शब्द महत्त्वाचा आहे. तो नसेल तर कप्पा आणि त्यातील नोंदी उतरतात, परंतु 'जिओ' सारखे उपकप्पे मागेच राहतात. त्याबद्दल यंत्र कसलाही दोष दाखवत नाही आणि प्रत पूर्ण झाल्यासारखी वाटते. तसेच, गंतव्य कप्पा आधीपासून अस्तित्वात असेल तर प्रत त्याच्या पोटात उतरते. म्हणजे वरील आज्ञेनंतर नवा कप्पा 'सराव\इंटरनॅशनल' येथे सापडेल. ज्याने ही आज्ञा थेट खऱ्या जागी चालवली, त्याच्याकडे 'इंटरनॅशनल'च्या आत आणखी एक 'इंटरनॅशनल' तयार होतो, आणि मूळ सेटिंग जराही न बदलल्याने तो बुचकळ्यात पडतो.

कोणतीही प्रत प्रत्यक्ष करण्याआधी आज्ञेच्या शेवटी '-व्हॉटइफ' लिहून पाहावे. मग पॉवरशेल काम न करता केवळ काय करणार आहे ते सांगते.

चौथी पायरी, ताडून पाहणे :

रेग कम्पेअर 'एचकेसीयू\कंट्रोल पॅनल\इंटरनॅशनल' 'एचकेसीयू\सराव\इंटरनॅशनल' /एस

ही आज्ञा दोन्ही कप्पे उपकप्प्यांसह ताडते. दोन्ही समान असल्यास ती ० हा निकालांक देते, फरक असल्यास २ आणि काम फसल्यास १. पॉवरशेलमध्ये हा अंक 'लास्ट-एक्झिट-कोड' या चलात पाहता येतो.

पाचवी पायरी, सरावाचा कप्पा काढणे :

रिमूव्ह-आयटेम -पाथ 'एचकेसीयू:\सराव' -रिकर्स

येथे तर '-व्हॉटइफ' लावून आधी पाहिल्याशिवाय एंटर दाबूच नये. रजिस्ट्रीत पुसलेले परत आणणारी कचरापेटी नसते.

दुसऱ्या यंत्रावर नेताना

पॉवरशेलचा रजिस्ट्री-ड्राइव्ह केवळ त्याच यंत्राची नोंदवही दाखवतो. दुसऱ्या यंत्रावर नेण्याचा सोपा मार्ग म्हणजे जतन केलेली 'रेग' फाइल पेनड्राइव्हवर नेऊन 'रेग इम्पोर्ट' ने आत घेणे. त्यात पुढील पाच गोष्टींकडे लक्ष असावे.

एक : इम्पोर्ट म्हणजे मिसळणे होय. फायलीतील नोंदी गंतव्य कप्प्यात लिहिल्या जातात, परंतु तेथे आधीच असलेल्या जास्तीच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. म्हणून इम्पोर्टनंतर त्या यंत्रावरून पुन्हा एक्स्पोर्ट करून दोन्ही फायली 'कम्पेअर-ऑब्जेक्ट' या आज्ञेने ताडाव्यात.

दोन : लिपीचा प्रश्न. विंडोजची आजची 'रेग' फाइल युनिकोडमध्ये, एका चिन्हास किमान दोन बाइट अशा पद्धतीने लिहिली जाते. तिच्या पहिल्या ओळीत आवृत्ती ५.०० असे असते. 'रेगएडिट४' या शीर्षकाची जुनी पद्धत युनिकोडची नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडून चुकून 'एएनएसआय' पद्धतीने जतन केली, तर देवनागरी अंकांच्या आणि ₹ च्या जागी प्रश्नचिन्हे बसतात. स्क्रिप्टच्या फायलीबाबतही तोच नियम लागू पडतो. विंडोज पॉवरशेल ५.१ साठी स्क्रिप्टमध्ये देवनागरी मजकूर असेल, तर ती 'यूटीएफ-८ विथ बीओएम' या पद्धतीने जतन करावी. अन्यथा यंत्र मराठी अक्षरांचा भलताच अर्थ लावते.

तीन : विस्तार होणारा मजकूर. काही नोंदींत प्रत्यक्ष फोल्डराऐवजी 'वापरकर्त्याचे फोल्डर' अशा अर्थाचे टक्केचिन्हांत बांधलेले नाव असते. 'गेट-आयटेमप्रॉपर्टी' अशी नोंद वाचताना त्या नावाचा विस्तार करून देते. स्वतः स्क्रिप्ट लिहून एकेक नोंद वाचून दुसरीकडे लिहिली, तर एका विद्यार्थ्याच्या फोल्डरचा पत्ता सर्वांच्या नोंदवहीत कायमचा लिहिला जातो. तेव्हा विस्तार न करता मूळ मजकूर वाचण्याचा पर्याय वापरावा आणि नोंद नव्याने निर्माण करताना तिचा प्रकारही स्पष्ट सांगावा.

चार : परवानग्या. कोणत्या कप्प्यात कोणी लिहावे याचे अधिकार 'रेग' फायलीत नसतात. नवा कप्पा आपल्या वरच्या कप्प्याचे अधिकार घेतो. ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांची पॉवरशेल उघडली, तर 'एचकेएलएम'मधील 'सॉफ्टवेअर' शाखेचा काही भाग वेगळ्याच ठिकाणी वळवलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे.

पाच : यंत्राच्या अंगच्या नोंदी. 'एचकेएलएम'मधील 'सिस्टिम' शाखेत त्या त्या यंत्राच्या भागांची माहिती असते. ती दुसऱ्या यंत्रावर उतरवल्यास यंत्र सुरू न होण्याचीही शक्यता असते. विद्यार्थ्यांनी ती शाखा केवळ पाहावी.

इम्पोर्ट झाल्यावर लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन करावे. बहुतेक बदल तेव्हाच पूर्णतः लागू होतात.

नक्कल टाळता येईल तेथे

काही वेळा कप्प्याची नक्कल करण्याचे कारणच नसते. तारीख आणि स्वल्पविराम एवढेच बदलायचे असतील, तर 'सेट-आयटेमप्रॉपर्टी' ने त्या दोन-तीन नोंदी लिहिणे अधिक सुरक्षित. मराठी भाषा आणि कळफलक जोडण्यासाठी विंडोज ८ पासून 'सेट-विनयूझरलँग्वेजलिस्ट' ही आज्ञा उपलब्ध आहे. ती संबंधित कप्पे स्वतःच योग्य रीतीने भरते. एका यंत्रावर नव्याने तयार होणाऱ्या खात्यांना तीच सेटिंग मिळावी, यासाठी कंट्रोल पॅनलच्या 'रीजन' या विभागात 'कॉपी सेटिंग्ज' नावाचे बटण दिलेले आहे. अशी अधिकृत वाट असताना रजिस्ट्रीला हात घालू नये. ज्या नोंदीसाठी अशी वाट नाही, तेथे या पाठातील पाच पायऱ्या उपयोगी पडतील.

समारोप

त्या प्रसंगानंतर आमच्या संगणक कक्षाच्या भिंतीवर एक साधा तक्ता लागला आहे. त्यावर प्रत्येक यंत्राचा क्रमांक, तारखेची मांडणी, स्वल्पविरामाची मांडणी आणि शेवटच्या तपासणीचा दिनांक लिहिलेला असतो. दर सत्राच्या आरंभी दोन विद्यार्थी तो तक्ता नव्याने भरतात : एक वाचतो, दुसरा लिहितो. आठवीतील तो मुलगा आता मोठ्या वर्गात गेला आहे आणि या कामात तोच सर्वांत काटेकोर आहे. यादी फलकावर लागली की आपली ओळ स्वतः वाचून पाहावी, हे लहान मुलांना तोच सांगतो.

मूळ जपून ठेवणे, हवे तेवढेच घेणे आणि घेतलेले मुळाशी ताडून पाहणे या तीन गोष्टी दाखलखारीज सांभाळणाऱ्या लिपिकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. यंत्राच्या नोंदवहीलाही त्याच लागू पडतात. स्क्रिप्ट शंभर यंत्रांवर क्षणात प्रत करील. ती ज्यावरून केली ते यंत्र योग्य होते का, हे मात्र आपणच पाहावयाचे आहे. कारण त्या नोंदींच्या पलीकडे कोणाची तरी जन्मतारीख असते.

स्वाध्याय

१. '-रिकर्स' न लिहिता 'इंटरनॅशनल' कप्प्याची प्रत सराव-कप्प्यात करा. 'रेग कम्पेअर' कोणता निकालांक देते ते पाहा आणि कारण लिहा.

२. ०४/०७, १४/०७, ०७/०७ आणि १२/०१ या तारखा महिना-प्रथम मांडणीच्या यंत्रात कशा वाचल्या जातील? त्यांपैकी कोणती चूक डोळ्यांना दिसेल आणि कोणती दिसणार नाही?

३. 'आय-डेट' ही नोंद संख्या-प्रकारात लिहिणे चूक का आहे?

४. आपल्या वर्गाची यादी घेऊन प्रत्येकाची जन्मतारीख अंकी व अक्षरी लिहा आणि वर्गशिक्षकांच्या परवानगीने ती दाखलखारीज रजिस्टराशी ताडून पाहा.